तपासणीतच झालं तर?

"ताई, टेस्ट चालू असताना तिथेच झालं तर?"

शौचावर ताबा राहत नाही म्हणून येणाऱ्या बहुतेकांच्या मनात हीच धास्ती असते. तोंडाने मात्र ते "दुखेल का हो?" एवढंच विचारतात. सुमनकाकूंनी (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) ते सरळ विचारून टाकलं.

काकू साठीच्या. पहिल्या बाळंतपणात चिमटा लावावा लागला होता, टाकेही बरेच पडले होते. पुढे कित्येक वर्षं काही त्रास नव्हता. पाळी गेल्यानंतर मात्र जोरात खोकला आला किंवा भाजीची जड पिशवी उचलली की कपडे खराब व्हायला लागले. मग लग्नकार्यं बंद झाली. एसटीने जायचं असलं की आदल्या रात्रीपासून उपाशी राहायचं आणि पर्समध्ये जादा परकर ठेवायचा. आई गुडघ्यांमुळे कुठे जात नाही, असं मुलगा समजून होता. डॉक्टरांनी 'अ‍ॅनोरेक्टल मॅनोमेट्री', म्हणजे गुदद्वाराच्या स्नायूंचा दाब आणि तिथली संवेदना मोजणारी तपासणी लिहून दिली, तर ती चिठ्ठीसुद्धा त्याच पर्समध्ये पडून राहिली.

कोलोनोस्कोपीसारखंच काहीतरी असणार, असं त्यांनी धरलं होतं. तसं नाही. इथे आतडं रिकामं करायला रात्रभर औषध प्यावं लागत नाही, भूलही देत नाहीत, कारण आवळा, सोडा, सांगितलं की तसं करायला तुम्ही जागं असावं लागतं. साधारण दोन तास आधी एक छोटा एनिमा घ्यायचा. मग डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं, अंगावर चादर असते. पेन्सिलीहून बारीक, लवचीक नळी जेल लावून गुदद्वारातून थोडी आत सरकवतात. तिच्या टोकाला छोटा फुगा असतो आणि आतल्या दाबाचे आकडे स्क्रीनवर उमटतात. मग सूचना सुरू होतात: स्वस्थ पडा, घट्ट आवळा, खोका, शौचाला करतो तसा जोर लावा. नंतर फुगा हळूहळू फुगवत विचारतात, कधी जाणवलं, कधी जावंसं वाटलं, कधी अगदी असह्य झालं. काही ठिकाणी पाण्याने भरलेला फुगा कमोडवर बसून बाहेर टाकायला लावतात, तेव्हा पडदा ओढून तुम्हाला एकटं सोडतात. सगळं मिळून साधारण अर्धा तास. दुखणं असं नसतं, पण दाब आणि कळ येऊन गेल्यासारखं वाटतं. विचित्र वाटतं हे खरंच, ते मी लपवत नाही.

आणि मूळ प्रश्न? काकूंना मी सांगितलं, की त्या खोलीत येणारे बरेचसे पेशंट याच तक्रारीसाठी आलेले असतात. अंगाखाली शोषून घेणारं पॅड आधीच अंथरलेलं असतं.

झालंही तसंच. खोकायला सांगितलं तेव्हा एनिमाचं थोडं पाणी आलं. काकू रडवेल्या झाल्या. टेक्निशियन बाईंनी पॅड काढलं, दुसरं टाकलं आणि म्हणाल्या, "हं, आता पुन्हा एकदा खोका बरं." काकू नंतर मला म्हणाल्या, "तिनं मान वर करूनसुद्धा बघितलं नाही हो!" माझ्या अर्ध्या तासाच्या समजावण्यापेक्षा त्या बाईंचा तो अलिप्तपणा जास्त कामाला आला.

रिपोर्टमध्ये गुदद्वाराच्या आतल्या स्नायूचा स्थिर दाब ठीक होता, संवेदनाही ठीक होती. आवळण्याची ताकद मात्र बरीच कमी. सोनोग्राफीत बाहेरच्या स्नायूला जुनी चीर दिसली, ती बहुधा त्या बाळंतपणातली. म्हणजे 'वयच झालं' हे उत्तर अपुरं होतं. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम बायोफीडबॅकवर शिकवले. स्क्रीनवर रेघ वर चढलेली दिसली की आपण नेमका कोणता स्नायू आवळतोय हे कळतं. शौच घट्टसर राहावं म्हणून आहार आणि औषधही सुरू झालं. काही महिन्यांत फरक पडला, पूर्ण नाही. पुतण्याच्या मुंजीला त्या जेवून गेल्या. जादा परकर अजून सोबत असतोच.

अपॉइंटमेंट घेताना तीन गोष्टी फोनवरच विचारा आणि सांगा: स्त्री टेक्निशियन मिळेल का, एनिमा घरी घ्यायचा की तिथे, आणि रबराची अ‍ॅलर्जी असेल तर तेही, कारण काही फुगे लॅटेक्सचे असतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्या दिवशी केव्हा खायचं, केव्हा घ्यायचं, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.