मैत्रिणीला बक्षीस मिळालं आणि मला झोप लागेना

"ताई, तिचा निकाल कळला त्या रात्री सगळ्यांत आधी मीच फोन केला. अभिनंदन केलं, हसले, ओरडलेसुद्धा. आणि फोन ठेवल्यावर नळ सोडून रडले. तेव्हापासून तिचं तोंड बघवत नाही मला. मी इतकी वाईट आहे का?"

हा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. जावेला दिवस गेले, बरोबरच्याला बढती मिळाली, भावाचं घर झालं. निमित्त बदलतं, शेवटचं वाक्य मात्र तेच येतं. आणि बहुतेक वेळा माणूस माझ्यापर्यंत येतो तो हेव्यामुळे नव्हे, हेवा वाटल्याच्या लाजेमुळे.

मी अमेरिकेत, मध्य-पश्चिम भागातल्या एका विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात काम करते. हिला आपण मैथिली म्हणू. तिच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मूळची सातारा जिल्ह्यातली, इंग्रजीत कविता लिहिते, इथे सर्जनशील लेखनात पीएचडी करते आहे. पहिली दहा मिनिटं आम्ही इंग्रजीत बोललो. मग तिनंच विचारलं, "ताई, मराठीत चालेल?" आणि त्यानंतर ती खरं बोलू लागली.

तिचं दुःख समजून घ्यायला मला आधी तिची दुनिया समजून घ्यावी लागली. आपल्याकडे कवितासंग्रह आधी निघतो आणि पुरस्कार मागून येतात. अमेरिकेत पहिल्या संग्रहाच्या बाबतीत बऱ्याचदा उलटं असतं: पुरस्कार आधी, पुस्तक मागून. विद्यापीठांच्या प्रकाशनसंस्था दरवर्षी हस्तलिखितांच्या स्पर्धा घेतात आणि जिंकणाऱ्याचं पुस्तक छापतात. येल विद्यापीठाची तरुण कवींसाठीची मालिका 1919 पासून चालू आहे. पिट्सबर्ग विद्यापीठाचं ॲग्नेस लिंच स्टॅरेट पारितोषिक खास पहिल्या संग्रहासाठी आहे. युटा विद्यापीठाच्या प्रकाशनानं तर आपल्या काश्मीरचे कवी आगा शाहिद अली यांच्या नावानं 2003 मध्ये पारितोषिक सुरू केलं.

साधारण पन्नास ते ऐंशी पानांचं हस्तलिखित, त्यावर कवीचं नाव नाही, आणि सोबत पंचवीस-तीस डॉलर प्रवेशशुल्क. आधी प्राथमिक वाचक चाळण लावतात, मग निवडक गठ्ठा अंतिम परीक्षकाकडे जातो. शेकडो हस्तलिखितं आणि छापलं जाणार बहुधा एकच. एकाच वेळी अनेक ठिकाणी पाठवायला सहसा मुभा असते, म्हणून सगळे अनेक ठिकाणी पाठवतात. मैथिलीनं त्या वर्षी 19 ठिकाणी पाठवलं होतं. विद्यार्थिवेतनातून 500 डॉलरच्या वर गेले होते. दोनदा तिचं नाव अंतिम फेरीच्या यादीत आलं. आणि जिथे दुसऱ्यांदा आलं, तिथेच विजेती म्हणून तिच्या जिवलग मैत्रिणीचं नाव होतं.

तीन आठवडे ती रात्री चार तासांच्या वर झोपली नव्हती. जेवण अर्धवट. मी स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल सरळ विचारलं, ते विचारावंच लागतं. तसं काही नव्हतं. ते असतं, तर या लेखातलं पुढचं सगळं मागे पडलं असतं आणि आम्ही आधी त्याकडे वळलो असतो.

दुसऱ्या भेटीत ती रागावून आली. परीक्षक मैत्रिणीच्या जुन्या प्राध्यापकांच्या ओळखीचे आहेत, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. हा संशय हवेतून आलेला नव्हता. 2004 च्या सुमारास अमेरिकेत यावरून मोठा गदारोळ झाला होता. परीक्षक आपल्याच विद्यार्थ्यांना आणि स्नेह्यांना निवडतात, असे जाहीर आरोप झाले. त्यानंतर साहित्यिक नियतकालिकांच्या आणि प्रकाशकांच्या परिषदेनं स्पर्धांसाठी आचारसंहिता केली, आणि आता बऱ्याच स्पर्धांच्या नियमांत लिहिलेलं असतं की परीक्षकाच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी आणि निकटवर्तीयांनी भाग घेऊ नये. मी मैथिलीला म्हटलं, "तू स्वतः नियम वाच आणि पुढच्या वेळी सांग." तिनं वाचले. मैत्रीण त्या परीक्षकांकडे कधी शिकलेली नव्हती, हस्तलिखितावर नाव नव्हतं.

"म्हणजे ती खरंच जिंकली," मैथिली म्हणाली, आणि गप्प बसली. संशय गेला, पण त्याच्या आधारानं उभा असलेला राग आता कुठे ठेवायचा, ते तिला कळेना. खालचं दुःख पहिल्यांदा त्या दिवशी वर आलं. म्हणून अशा वेळी संशयाला हसून उडवून लावू नये, असं माझं मत आहे. तपासून पाहू द्यावं.

मग आम्ही शब्दांकडे वळलो. मराठीत हे सोपं जातं, कारण आपल्याकडे हेवा आणि मत्सर हे दोन शब्द आहेत. 'तिच्याकडे आहे ते मलाही हवं होतं' हा हेवा. 'तिच्याकडेही नसावं' हा मत्सर. मी विचारलं, "तिचं पुस्तक रद्द झालं, तर तुला बरं वाटेल?" ती दचकली. "नाही! त्या कविता मी पहिल्यापासून वाचल्या आहेत. चांगल्या आहेत हो त्या." मग इतके आठवडे ती स्वतःला ज्या गुन्ह्याची शिक्षा देत होती, तो तिनं केलेलाच नव्हता. हेवा होता. हेवा हे दुःखच असतं, फक्त त्याला समोर एक चेहरा मिळालेला असतो.

आणि कोणाला खरोखर मत्सरच वाटला तर? तरी मी त्याला वाईट माणूस म्हणणार नाही. मनात काय उगवतं यावर आपला ताबा नसतो. त्यावर आपण काय करतो, त्याबद्दल बोलता येतं.

याच सुमारास तिनं मला एक गोष्ट सांगितली. कविता हा माझा प्रांत नाही, त्यामुळे मी ऐकत राहिले. 1955 साली येलच्या मालिकेचा परीक्षक होता नावाजलेला इंग्रजी कवी डब्ल्यू. एच. ऑडन. त्याच्याकडे आलेल्या हस्तलिखितांपैकी त्याला एकही पसंत पडेना. तेव्हा त्याला कळलं की जॉन ॲशबेरी आणि फ्रँक ओ'हॅरा या दोन तरुण अमेरिकन कवींची हस्तलिखितं प्रकाशनाकडूनच परत गेली आहेत, त्याच्यापर्यंत पोहोचलेलीच नाहीत. त्यानं ती मागवून घेतली आणि ॲशबेरीची निवड केली. हे दोघे हार्वर्डपासूनचे मित्र. एकाच टेबलावर दोघांचे कागद, आणि निवड एकाची.

"बघा ना ताई," ती म्हणाली, "ॲशबेरीचं पुस्तक 1956 मध्ये आलं आणि 1957 च्या सुरुवातीला ओ'हॅरानं त्यावर परीक्षण लिहिलं. किती भरभरून लिहिलं! तो मोठा माणूस होता. मी नाही."

मी विचारलं, "निवड 1955 च्या उन्हाळ्यात, परीक्षण 1957 मध्ये. मध्ये किती महिने झाले?"

तिनं बोटांवर मोजलं. "दीड वर्षाच्या वर."

"आणि तुझ्या मैत्रिणीचा निकाल लागून?"

"पाच आठवडे."

ती हसली नाही, पण खांदे खाली आले. मी तिला सांगितलं की ओ'हॅराला तू नवीन परीक्षा करू नकोस. त्याच्याइतकं मन मोठं नाही म्हणून पुन्हा नापास, असं नको.

परीक्षा हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण तिच्या बोलण्यात तो सतत येत होता. चौथीची स्कॉलरशिप, दहावीला 94 टक्के, तालुक्यात पहिली. बाबा निवृत्त शिक्षक. दर रविवारी फोनवर त्यांचा पहिला प्रश्न, "लागला का गं निकाल?" मी तिला म्हटलं, बोर्डाच्या पेपरात शेजारणीला 95 पडले म्हणून तुझे 94 कमी होत नाहीत. उत्तरपत्रिका बरोबर आहे की नाही, एवढंच तिथे पाहतात. इथे एक माणूस, एका वर्षी, समोरच्या गठ्ठ्यातून आपल्याला छापावंसं वाटतं ते एक उचलतो. ॲशबेरीचं हस्तलिखित आधी परत जाण्याजोगं आणि नंतर छापण्याजोगं होतं असं कसं होईल? कागद तर तेच होते. तिला हे बुद्धीनं आधीपासून माहीत होतं. पण शरीर अजून दहावीच्या निकालाच्या दिवशीच उभं होतं, दिवसातून तीस-चाळीस वेळा फोन उघडून 'प्रक्रिया सुरू आहे' हे शब्द बघत होतं.

तेव्हा एक साधा उपाय केला. निकालाची पत्रं वेगळ्या फोल्डरमध्ये आपोआप जातील अशी व्यवस्था, आणि तो फोल्डर शनिवारी दुपारी एकदाच उघडायचा. पहिला आठवडा फार जड गेला. बुधवारी तिनं उघडलाच. त्यात काही नव्हतं. तिसऱ्या आठवड्यापासून झोप पाच-सहा तासांवर आली.

पाचव्या भेटीत मी विचारलं, "शेवटची नवीन कविता कधी लिहिलीस?"

ती बराच वेळ आठवत राहिली. "चौदा महिने झाले असतील."

या चौदा महिन्यांत ती बसून राहिली नव्हती. रोज काम करत होती. पण काम एकच, त्याच कवितांचा क्रम लावणं. खोलीभर जमिनीवर छापील पानं पसरायची, ही आधी की ती आधी, आईची कविता पहिल्या भागात की तिसऱ्या. प्राथमिक वाचक पहिली दहा पानं बघून ठरवतात म्हणे, म्हणून सगळ्या झणझणीत कविता पुढे. मग पुढच्या स्पर्धेसाठी पुन्हा उलटसुलट. तिला क्रमाबद्दल बोलताना ऐकलं तेव्हा मला जाणवलं की हिच्याकडे कारागिराची नजर आहे. फक्त ती नजर न भेटलेल्या परीक्षकाच्या डोळ्यांनी बघायला शिकली होती.

"हेव्याला एकदा विचारून बघू," मी म्हटलं. "मैत्रिणीला मिळालं त्यातलं नेमकं काय तुला हवं होतं? पैसे?"

"नाही."

"नाव?"

"थोडंसं. हो." मग थांबून, "ताई, तिचं हस्तलिखित कोणीतरी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग वाचलं. आणि त्याबद्दल दोन पानं लिहून पाठवली. माझं आजवर असं कोणीच वाचलेलं नाही. वर्गात एकेक कविता वाचतात. अख्खं कोणी वाचलेलं नाही."

"कोणीच नाही?"

ती माझ्याकडे बघत राहिली. सुरुवातीचा एक मसुदा एका माणसानं वाचला होता. त्याच मैत्रिणीनं.

हेव्यातली सगळ्यांत वाईट गोष्ट मला हीच वाटते. ज्या माणसाकडून आपल्याला हवं ते मिळू शकतं, नेमकं त्यालाच आपण टाळू लागतो. मैथिलीनं इतके आठवडे मैत्रिणीचे निरोप अर्धवट उत्तरं देऊन सोडले होते.

बोलायचं कसं, याची आम्ही तयारी केली. सगळं ओतायचं नाही, माफीचं भाषण करायचं नाही, आणि 'मी अगदी ठीक आहे' असं खोटंही बोलायचं नाही. तिनं शेवटी तीन वाक्यं ठरवली. मला तुझ्यासाठी आनंद आहे. मला माझ्यासाठी फार वाईट वाटलं आणि म्हणून मी लांब राहिले. तुला वेळ झाला की माझं सलग वाचशील का?

मैत्रीण रागावली होती, आणि तिनं ते बोलून दाखवलं. निकालानंतर निम्मे लोक तिच्याशी अवघडून वागत होते आणि जिच्याजवळ ती हे बोलली असती तीच नाहीशी झाली होती. दोघी रडल्या. लगेच पूर्वीसारखं झालं नाही. महिनाभरानं हस्तलिखितावर पेन्सिलीच्या खुणा आल्या, अकरा कविता काढून टाक असं सांगणाऱ्या. त्यातल्या सात मैथिलीनं काढल्या. चारांसाठी भांडली.

स्पर्धा तिनं सोडल्या नाहीत, आणि सोडाव्यात असं मी सुचवलंही नाही. पुस्तकाची इच्छा हा काही आजार नव्हे. तिनं यादी पाचवर आणली: ज्या प्रकाशनांची पुस्तकं तिनं स्वतः वाचली आहेत, तेवढीच. शुल्क न घेता हस्तलिखितं मागवणारी दोन छोटी प्रकाशनंही शोधली. मुंबईत 1976 साली काही कवींनी एकत्र येऊन क्लिअरिंग हाऊस नावानं स्वतःच प्रकाशन काढलं आणि अरुण कोलटकरांचं 'जेजुरी' त्यातूनच आलं, हेही तिनंच मला सांगितलं. सांगताना तिचा आवाज वेगळा होता; वाट एकच नाही, असं ती स्वतःलाच ऐकवत असावी.

एक काम उरलं होतं, रविवारचं. तिनं बाबांना सांगितलं, "बाबा, निकालाचं विचारू नका."

"मग काय विचारू?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

"काय लिहितेस, ते विचारा."

पुढच्या रविवारी त्यांनी विचारलं, तर तिच्याकडे सांगायला काही नव्हतं. त्यापुढच्या रविवारीही नाही. चौथ्या रविवारी तिनं नव्या कवितेच्या काही ओळी वाचून दाखवल्या आणि मराठीत अर्थ सांगितला. गावच्या मळ्यातल्या विहिरीबद्दल होत्या. बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "बारा पायऱ्या लिहिल्यास तू. तेरा होत्या. शेवटची पाण्यात असायची, उन्हाळ्यातच दिसायची."