घरी येतं, पेपरात अडतं

"घरी सगळं येतं हो मॅडम, पेपर हातात आला की ह्याचं डोकं बंद पडतं." अकरावीच्या पहिल्या चाचण्या आटोपल्या की इंदूरमधले पालक माझ्याकडे हे गाऱ्हाणं घेऊन येऊ लागतात. लोकमान्यनगरातल्या एका घरातली ही हकीकत. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

दहावीला गणितात छान मार्क, अकरावीला 'सरळ रेषा' या धड्यावर जेमतेम पास. वडिलांनी मोबाइल काढून घेतला होता. आईने भंवरकुआंचा एक क्लास सोडवून दुसरा लावला होता. निदान मात्र दोघांचं एकच: परीक्षेची भीती. मुलगा खाली मान घालून बसलेला.

अशा वेळी मी भीतीबद्दल नंतर विचारते, आधी उत्तरपत्रिका मागते. पेन कुठे अडलं ते तिथे दिसतं. प्रश्न होता: '२क्ष + ३य = ६ या रेषेला समांतर आणि (४, −१) या बिंदूतून जाणाऱ्या रेषेचं समीकरण काढा.' स्लोप, म्हणजे रेषेचा कल, त्याने बरोबर काढला होता, −२/३. मग तो खोडून ३/२ केलेला, तोही खोडलेला, आणि पुढे कोरं पान. ३/२ हा लंब रेषेचा स्लोप. म्हणजे रीत येत होती. समांतरला स्लोप तोच ठेवायचा की उलटा करून चिन्ह बदलायचं, इथे गाडी अडली.

"घरी कसं सोडवतोस?"

"वर सोडवलेलं उदाहरण असतं ना, तसंच खाली."

गोम इथे होती. एकाच साच्याची गणितं ओळीने सोडवताना समांतर की लंब हे ठरवावंच लागत नाही, मथळाच सांगतो. पेपरात तेच पहिलं काम. घरी 'येतं' म्हणतो तेव्हा मूल खोटं बोलत नसतं, पण ते येणं उघड्या पुस्तकाच्या भरवशावरचं असतं.

सूत्र पुन्हा घोकून घेण्यात अर्थ नव्हता. मी आलेखाचा कागद पुढे केला. त्याने (३, ०) आणि (०, २) जोडून रेषा काढली, पट्टीला गुण्या टेकवला आणि सरकवत (४, −१) वर आणून दुसरी ओढली. मग बोटाने घरं मोजली. तीन डावीकडे, दोन वर: (१, १). पुन्हा तीन डावीकडे, दोन वर: (−२, ३). पहिल्या रेषेवरही हीच चाल.

"आता प्रत्येक बिंदूवर २क्ष + ३य किती येतं बघ."

पहिल्या रेषेवर कुठेही ६. नव्या रेषेवर आठ वजा तीन पाच, दोन अधिक तीन पाच, उणे चार अधिक नऊ, तेही पाच. तो कागदाकडे बघतच राहिला. "म्हणजे नुसता शेवटचा आकडा बदलतो?"

तेवढाच. रेषेचा कल सहगुणकांच्या, म्हणजे क्ष आणि य यांच्या आधीच्या आकड्यांच्या, गुणोत्तरावर ठरतो, जागा स्थिरपदावर, म्हणजे त्या शेवटच्या आकड्यावर. म्हणून २क्ष + ३य = क लिहायचं आणि बिंदू ठेवून क काढायचा. उत्तर २क्ष + ३य = ५, आणि अपूर्णांकांची कटकटही नाही. लंब हवी असती तर सहगुणकांची अदलाबदल करून एकाचं चिन्ह बदलायचं: ३क्ष − २य = १४.

पालकांना एवढंच सांगितलं: पुस्तक मिटून, समांतर-लंब-छेदबिंदू अशी सरमिसळ गणितं चिठ्ठ्या काढून सोडवायला द्या. सुरुवातीला चुका वाढतील, लगेच क्लास बदलू नका. मोबाइलचा वाद तुमच्यात मिटवा, त्याचा या पानाशी संबंध नाही. मुलाची झोप उडाली असेल, पेपरच्या सकाळी उलट्या होत असतील किंवा जगणं नको अशी भाषा येत असेल, तर मात्र वही बाजूला ठेवून तज्ज्ञाला गाठायचं. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे. या मुलाचं तसं काही नव्हतं.

पुढच्या चाचणीनंतर तो एकटाच आला, तावातावाने. 'क्ष = ५ ला समांतर, (२, ७) मधून' असं विचारलेलं. "ह्याला स्लोपच नाही, मग काढायचं कसं?" उभ्या रेषेला स्लोप नसतो हे खरंच.

"य चा सहगुणक किती?"

"शून्य." मग स्वतःच क्ष = क लिहिलं, दोन ठेवले आणि म्हणाला, "सात कुठे वापरायचे मग?"