‘आणीबाणी’ नको, ‘आपत्कालीन’ हवे. मग ‘होमलँड’साठी काय लिहावे?

लातूरला लोकप्रशासनाचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, अमेरिकी विद्यापीठांत ‘इमर्जन्सी मॅनेजमेंट’ आणि ‘होमलँड सिक्युरिटी’ या जोडविषयावर जे संशोधन होते, त्याचा मराठीत आढावा घेताना ‘आणीबाणी व्यवस्थापन आणि अंतर्गत सुरक्षा’ असे शीर्षक दिले तर चालेल का. माझ्या मते हे दोन्ही शब्द टाळावेत, कारण दोघांवरही आपल्याकडच्या इतिहासाचे इतके ओझे आहे की मूळ विषय त्याखाली दबून जाईल.

‘आणीबाणी’ हा शब्द तसा जुना आणि कसदार आहे. ‘आणीबाणीचा प्रसंग’ म्हटले की निकराची घटका डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु राज्यघटनेच्या मराठी पाठाने अनुच्छेद 352 साठी तोच शब्द घेतला आणि 25 जून 1975 ते 21 मार्च 1977 या काळानंतर तर तो जवळजवळ विशेषनामच झाला. ‘आणीबाणी व्यवस्थापन’ असे वाचणाऱ्याला पूर किंवा आग आठवणार नाही. वृत्तपत्रांवरील नियंत्रण आणि स्थानबद्धता आठवेल.

आपल्या एसटीने हा प्रश्न फार पूर्वी सोडवून ठेवलेला आहे. लाल गाडीतल्या खिडकीवर ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ ही अक्षरे वाचतच आपण लहानाचे मोठे झालो. इंग्रजीत दोन शब्दांत संपणारी सूचना मराठीत एका वाक्प्रयोगाएवढी लांबली आहे खरी, पण ती निरक्षराला वाचून दाखवली तरी लगेच कळते. शास्त्राच्या नावाला मात्र एवढी लांबी परवडत नाही, म्हणून तेथे ‘आपत्कालीन व्यवस्थापन’ योग्य. हा शब्द ‘आपद्’ आणि ‘काल’ यांच्या संधीतून आलेला आहे. ‘आपद्धर्म’ हा त्याचाच भाऊ. हिंदीतला ‘आपातकालीन’ वेगळा आहे, कारण त्यातला ‘आपात’ म्हणजे अचानक कोसळणे. मराठवाड्यात हिंदी सतत कानांवर पडत असल्यामुळे आपल्याकडच्या सूचनाफलकांवर ‘आपातकालीन’ सर्रास दिसू लागला आहे, पण मराठीला त्याची गरज नाही. उलट हिंदीत ‘आपत्ति’ म्हणजे बहुतेक वेळा हरकत, म्हणून तिथे ‘आपदा प्रबंधन’ म्हणतात. आपल्याला हरकतीसाठी ‘हरकत’ आणि ‘आक्षेप’ हे शब्द असल्यामुळे ‘आपत्ती’ संकटासाठी मोकळी राहिली.

आता ‘आपत्कालीन’ आणि ‘आपत्ती’ यांत भेद करावा का? अवश्य करावा, कारण संशोधनाचा गाभाच तेथे आहे. ओहायो राज्य विद्यापीठात 1963 मध्ये सुरू झालेले आणि 1985 मध्ये डेलावेअर विद्यापीठात गेलेले आपत्ती संशोधन केंद्र, आणि विशेषतः त्याच्या संस्थापकांपैकी एक असलेले समाजशास्त्रज्ञ एन्रिको क्वारांटेली, यांनी आग्रहाने मांडले की आपत्ती म्हणजे निव्वळ मोठा अपघात नव्हे. तिची जातच वेगळी असते. गावात एक घर पेटले तर शेजारी, अग्निशामक गाडी आणि दवाखाना ते निभावून नेतात. हा आपत्काल झाला. निभावून नेणारेच जेव्हा ढिगाऱ्याखाली जातात, तेव्हा ती आपत्ती. आपला आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 हाही व्याख्येत बाधित क्षेत्रातील समाजाच्या तोंड देण्याच्या क्षमतेपलीकडची घटना, असेच म्हणतो.

हा भेद लातूर-धाराशिवच्या माणसाला पुस्तकातून शिकावा लागत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाच्या पहाटे, चारला काही मिनिटे कमी असताना, आदल्या दिवशीचे गणेश विसर्जन आटोपून गाव झोपलेले होते. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीच्या थरांनी जड झालेले माळवद, हे सारे झोपलेल्यांच्या अंगावर आले, आणि किल्लारीत हाक मारावी तर ऐकायला शेजारचे घर उरले नव्हते. पुढे 52 गावे नव्या जागी वसवावी लागली. त्या वेळी कोणी ‘आपत्ती’ म्हटले नाही. लोक ‘भूकंप’ म्हणत, थोरली माणसे ‘आफत’ म्हणत, आणि आजही त्या भागात वर्षे ‘भूकंपाच्या आधी’ आणि ‘भूकंपानंतर’ अशी मोजली जातात.

‘होमलँड सिक्युरिटी’ अधिक अवघड आहे. ‘गृहसुरक्षा’ म्हटले की कुलूप आणि कॅमेरा आठवतो. ‘मायभूमी’त भावना आहे, पण ती गीतात शोभते, प्रशासनाच्या ग्रंथात नाही. ‘अंतर्गत सुरक्षा’ हा आपल्याकडे 1971 च्या ‘मिसा’ म्हणजे अंतर्गत सुरक्षा राखण्याच्या कायद्यापासून रुळलेला शब्द असून त्याचा रोख देशातल्या बंडखोरीकडे आणि दंगलींकडे असतो. अमेरिकेतली कल्पना 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतरची आहे: बाहेरून येऊन घरात घडणारा घात. त्यासाठी 2002 चा कायदा झाला, 22 यंत्रणा एका विभागात आणल्या गेल्या, आणि 1979 पासून पूर-वादळांचे काम पाहणारी ‘फेमा’ ही केंद्रीय संस्थाही 2003 मध्ये त्यात गेली. ऑगस्ट 2005 मध्ये कॅटरिना चक्रीवादळ आले तेव्हा दहशतवादाकडे लक्ष लागल्याने वादळाकडे दुर्लक्ष झाले का, हा तिथल्या अभ्यासकांच्या वादाचा मोठा विषय झाला.

आपल्या भाषेत ही जोडी नवी नाही. आपण ‘अस्मानी-सुलतानी’ म्हणतो. निजामाच्या अमलाखाली राहिलेल्या या मुलखात त्यातली ‘सुलतानी’ कोणाला समजावून सांगावी लागत नाही. तिचा अर्थ मात्र राज्यकर्त्याचा जुलूम असा असल्याने ती येथे बसणार नाही. बाहेरून येणाऱ्या संकटाला जुना शब्द आहे ‘परचक्र’, आणि मला वाटते की प्रस्तावनेत तो अवश्य वापरावा, कारण ‘अस्मानी’साठी उभी राहिलेली यंत्रणा ‘परचक्रा’साठी उभारलेल्या विभागात गेली, हे एका वाक्यात सांगता येते. शीर्षकासाठी मी ‘स्वभूमी सुरक्षा’ सुचवीन. तो नवा आहे, म्हणून पहिल्यांदा येईल तेथे मूळ संज्ञा देवनागरीत शेजारी द्यावी. त्या विभागाचे नाव मात्र भाषांतर न करता ‘होमलँड सिक्युरिटी विभाग’ असेच ठेवावे.

लेखनाबाबत एवढेच, की ‘आपत्ती व्यवस्थापन’ सुटे लिहिल्यास ‘त्ती’ दीर्घ आणि समास जोडून लिहिल्यास ‘आपत्तिग्रस्त’ असा ऱ्हस्व.