पिकनिकसाठी घरची हलकी बिअर, आणि त्यात पोहे

प्रश्न : नमस्कार, आम्ही एडिसनला, न्यू जर्सीत राहतो. ऑगस्टच्या शेवटी आमच्या ग्रुपची पार्कात पिकनिक आहे, पन्नासेक माणसं, त्यातली बिअर घेणारी वीस-पंचवीस. मी आणि मित्राने होमब्रूचं बेसिक सामान घेतलंय, दहा गॅलनचं पातेलं, कापडी पिशवी, बादली, हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायचं साधन) वगैरे. सगळ्यांना चालेल अशी हलकी, फार कडू नसलेली आणि स्वस्तातली बिअर करायची आहे. लागर करावी का? आणि पार्कात नेलेली चालते का?

उत्तर : लागर करू नका. तिला 10-12 डिग्री सेल्सियसला आंबवायचं आणि मग कित्येक आठवडे अगदी थंड ठेवायचं म्हणजे वेगळा फ्रीज अडकून पडतो आणि तुमच्याकडे तेवढा वेळही नाही. तुम्हाला हवी ती क्रीम एल. नावात क्रीम असलं तरी दुधाचा काही संबंध नाही, ही जुनी अमेरिकन स्टाइल आहे, एलचं (लागरपेक्षा उबेत आणि लवकर आंबणाऱ्या बिअरचं) यीस्ट वापरून जरा थंडाव्यात आंबवतात आणि लागरसारखी स्वच्छ, फिकट बिअर मिळते.

आता स्वस्ताईचं. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या बिअर हलकी करायला तांदूळ किंवा मका घालतात, बडवायझरमध्ये तर 1876 पासून तांदूळच आहे. इथल्या सहा-ओळी (कणसावर दाण्यांच्या सहा ओळी असलेल्या) बार्लीत प्रोटीन जास्त, नुसत्या तिची बिअर जड आणि गढूळ व्हायची, म्हणून जर्मनीहून आलेल्या ब्रुअर लोकांनी ही वाट काढली. पण कच्चा तांदूळ मॅशमध्ये (मोड आणून वाळवलेली बार्ली, म्हणजे माल्ट, गरम पाण्यात भिजवतात त्यात) तसाच टाकून उपयोग नाही, त्यातला स्टार्च त्या तापमानाला फुलत नाही, आधी शिजवून घ्यावा लागतो. होमब्रूच्या दुकानात यासाठी फ्लेक्ड राइस मिळतो आणि आपल्या लोकांसाठी आनंदाची गोष्ट म्हणजे ते काम आपले पोहे करतात. भात भिजवून, भाजून, कुटूनच पोहे होतात त्यामुळे स्टार्च बराचसा आधीच तयार असतो, आणि एडिसनमध्ये तर पोहे कुठल्याही इंडियन ग्रोसरीत मिळतात. साधे जाड पोहे घ्या, पातळ नकोत, त्यांचा लगदा होऊन पिशवी निथळायला त्रास होतो.

पाच गॅलनचं, म्हणजे 19 लिटरचं माप देतो. टू-रो (दोन-ओळी बार्लीचं) माल्ट साडेसहा पाउंड (साधारण 3 किलो), दुकानातूनच दळून आणा, आणि जाड पोहे दीड पाउंड (700 ग्रॅम). हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) हालरटाऊ किंवा विलामेट जातीचे एक औंस, यूएस-05 चं 11.5 ग्रॅमचं एक पाकीट यीस्ट, बस. सात गॅलन पाणी 68 डिग्रीपर्यंत तापवून पिशवीत माल्ट-पोहे सोडा, ढवळून गुठळ्या मोडा, तापमान 65 च्या आसपास स्थिरावेल, तिथे सव्वा तास झाकून ठेवा. या कमी तापमानाला साखरेचा जास्त भाग यीस्टला खाता येतो म्हणून बिअर कोरडी आणि हलकी उतरते, 69-70 ला केलीत तर तीच बिअर अंगाला जड लागेल. मग पिशवी उचलून निथळवा, तासभर उकळा, हॉप्स उकळी आली की लगेच टाका आणि नंतर वासासाठी आणखी टाकायचा मोह आवरा. मग थंड करून बादलीत ओता आणि यीस्ट घाला. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (आंबवण्याआधी हायड्रोमीटरवर दिसणारी घनता) 1.040 आणि शेवटची 1.008 आली तर अल्कोहोल सव्वाचार टक्क्यांच्या आसपास, उन्हात दोन घेतल्या तरी माणूस गप्पा मारत बसू शकतो एवढीच.

आता खरं महत्त्वाचं. काळ्या किंवा भरपूर हॉप्सच्या बिअरमध्ये चुका झाकल्या जातात, हलक्या बिअरमध्ये काहीच झाकलं जात नाही. त्यामुळे वाचवायचं ते धान्यात वाचवा, स्वच्छता आणि तापमानात मुळीच नको. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं त्याने बँडेजच्या पट्टीसारखा वास येतो, अर्धी कॅम्पडेनची (क्लोरीन घालवणारी) गोळी कुटून पाण्यात घातली की प्रश्न मिटतो. उकळून झाल्यावर जे जे बिअरला लागणार, बादली, नळी, झाकण, चमचा, ते सगळं सॅनिटायझरमधून काढा, नुसतं साबणाने धुणं पुरत नाही. आणि जुलैत तुमचं बेसमेंटसुद्धा गरम असणार, वर आंबताना बिअर स्वतः दोन-चार डिग्री तापते, तेव्हा बादली पाण्याच्या टबात ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या टबात टाकत राहा. पहिले चार दिवस 17-18 डिग्री सांभाळलंत की जिंकलात, नंतर थोडं वर गेलं तरी चालतं.

दोन आठवड्यांनी हायड्रोमीटर लावा, तीन दिवस आकडा जागचा हलला नाही तरच बाटलीत भरा, नाहीतर आत गॅस वाढून बाटल्या फुटतात आणि काचेने माणूस जखमी होतो. बाटलीत गॅस भरायला पाच गॅलनला साधी साखर 105 ग्रॅम, थोड्या पाण्यात उकळून बाटल्या भरण्याआधी बिअरमध्ये मिसळा. बाटल्या घरात दोन आठवडे आणि मग फ्रीजमध्ये तीन-चार दिवस उभ्या, म्हणजे जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ब्रू करायलाच हवं. बारा औंसाच्या पन्नासेक बाटल्या होतात, माणशी दोन, पुरे आहे. काचेऐवजी ब्राउन प्लास्टिकच्या घ्या, बऱ्याच पार्कात काच चालत नाही आणि हाताने दाबून गॅस भरला का तेही कळतं. तळाशी यीस्टचा थर बसतो तो गाडीत हलून वर येतो, म्हणून पोचल्यावर बर्फ-पाण्यात तासभर उभ्या ठेवा आणि ओतताना शेवटचा घोट बाटलीत राहू द्या.

कायद्याचं सांगायचं तर 1978 साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअर फेडरल पातळीवर मोकळी झाली, एका प्रौढाच्या घराला वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर 200, पण विकायची नाही. म्हणून पिकनिकच्या वर्गणीत बिअरचे पैसे अजिबात धरू नका, नुसती वाटा. पार्कात दारू चालते की नाही हे प्रत्येक ठिकाणी वेगळं, बुकिंग करताना ऑफिसला सरळ विचारा आणि परवानगी लेखी घ्या. आणि परत गाडी कोण चालवणार ते आदल्या दिवशीच ठरवा, पार्किंगमध्ये उभं राहून नाही.

प्रश्न : आम्ही पुण्यात असंच करू शकतो का? यीस्ट आणि माल्ट तर ऑनलाइन मिळतं.

उत्तर : नाही. सामान मिळतं म्हणून करायला परवानगी आहे असं नाही, 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली लायसन्सशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे आणि त्यात बिअरही आली, घरच्यापुरती केली तरी. पण पुण्यात 2009 पासून मायक्रोब्रुअरी आहेत, तिथे जाऊन सगळ्यात फिकट बिअर आधी मागवा, ती स्वच्छ निघाली तर बाकीच्यांवरही सहसा भरवसा ठेवता येतो.