खिडकी नंबर तीन : पौंडांचं पार्सल

सांगलीत टपालाच्या खिडकीमागं माझी ३१ वर्षं गेली. निवृत्त झाले, तरी लोक भाजी मंडईतसुद्धा गाठून विचारतात, म्हणून हे सदर. या महिन्यात आलेली तिन्ही पत्रं पार्सलांबद्दलच आहेत.

प्रश्न : माझं वय ६३. फेसबुकवर लोणच्यांच्या एका ग्रुपमध्ये लंडनच्या डॉक्टरांशी ओळख झाली. वाढदिवसाची भेट पाठवलीय म्हणाले, खोक्याचा फोटोही आला. चार दिवसांनी दिल्ली एअरपोर्टच्या कस्टममधून म्हणून एका बाईंचा फोन आला. ड्यूटीचे १८,५०० रुपये मी भरले. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, स्कॅनिंगमध्ये आत पौंड सापडलेत, मनी लॉन्ड्रिंगच्या सर्टिफिकेटसाठी ४२,००० भरा, नाहीतर केस होईल. ते मी भरले नाहीत. याला ११ दिवस झाले. यजमानांना काही माहीत नाही. पैसे परत मिळतील का? आणि पार्सल खरंच दिल्लीत पडून असेल तर?
— एक भगिनी, गावभाग, सांगली

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तुमचा जीव अजून तिथंच अडकलाय. पार्सल नाही. दिल्लीत नाही आणि लंडनहून निघालंही नव्हतं.

माझ्या खिडकीवरची एक गोष्ट सांगते. तुमच्याच भागातल्या एक आजी होत्या. लेकीनं अमेरिकेहून ब्लँकेट पाठवलेलं, त्यावर ड्यूटी लागलेली. आजींनी पार्सल आधी दोन्ही हातांनी दाबून बघितलं, मग नाकाशी नेलं. "माझ्या पोरीनं मला पाठवलंय, त्यात सरकारचं काय गेलं?" म्हणून अर्धा तास भांडल्या. मागं रांग लागली. शेवटी रुमालाची गाठ सोडून पैसे मोजले, पावती उजेडात धरून वाचली आणि पार्सल काखेत मारूनच बाहेर पडल्या. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, सगळ्यांनी तसंच वागावं.

टपालानं आलेल्या परदेशी पार्सलाची खरी रीत आजींच्या वेळी होती तीच आजही आहे. आपल्याकडची पार्सलं मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाकघरात उतरायची. तिथं कस्टमचे लोक ड्यूटी ठरवायचे, आकडा पार्सलाबरोबर यायचा आणि मिरजेच्या आरएमएसमधून, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेतून, थैली आमच्याकडं. पैसे घ्यायचे ते पोस्टमननं किंवा आम्ही, पार्सल समोर ठेवून, पावती देऊन. कस्टमच्या माणसानं सांगलीत कुणाला फोन करून "गुगल पे करा" म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही. त्यांना काही विचारायचं असलं तर पत्र येतं. ८ नोव्हेंबर २०१९ पासून त्यांच्या पत्रांवर डिन नावाचा क्रमांक असतो, आणि तो खरा की खोटा हे केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या वेबसाइटवर आपल्यालाच तपासता येतं.

तुम्ही पैसे भरल्याची स्लिप पुन्हा काढा आणि पैसे कुणाच्या नावावर गेले ते बघा. बहुतेक एखाद्या माणसाचं साधं बचत खातं निघेल. सरकारी कर असा कुणाच्या बचत खात्यात जमा होतो का? व्हॉट्सअॅपवर तीन सिंहांचा शिक्का असलेली पावती आली असेल, तर तसा शिक्का आमच्या गल्लीतलं पोरगंसुद्धा मोबाइलवर बनवून देईल.

पौंडांची गोष्ट त्या लोकांची ठरलेली दुसरी पायरी आहे. पहिला आकडा माणूस भरतो, मग "आत रोकड सापडली" म्हणून एकदम लोभही दाखवायचा आणि भीतीही घालायची. पार्सल सोडवण्याचं मनी लॉन्ड्रिंगचं सर्टिफिकेट म्हणून काही नसतंच. तिसऱ्या पायरीला पोलिसाच्या वेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो आणि "डिजिटल अटक" झाली म्हणतो. आपल्या कायद्यात असली अटक नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्येही हे सांगितलं होतं. तुम्ही दुसऱ्या पायरीवर थांबलात, हे मी कौतुक म्हणून लिहितेय.

आता पैशांचं. हे वाचून होताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका. तारीख, वेळ, रक्कम आणि स्लिपवरचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. तक्रार तासाभरात गेली तर पैसे वाटेतल्या खात्यात गोठवता येतात. ११ दिवसांत ते चार खाती फिरून गेले असतील, त्यामुळं आशा कमी आहे, खोटं कशाला सांगू. तरी तक्रार करा, कारण कुठल्या तरी खात्यात थोडे अडकलेले असू शकतात. पिन तुम्ही स्वतः टाकलाय, तेव्हा बँक भरपाई देईल असं धरून चालू नका, पण तिलाही लेखी कळवा. डॉक्टरांचे मेसेज रागानं पुसू नका, पुरावा आहे तो. आणि थोड्या दिवसांनी "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे मिळालेत, २,००० फी भरा" असा फोन आला तर तो त्याच टोळीचा समजा. एकदा पैसे देणाऱ्याचा नंबर ते विकतात.

यजमानांना आजच सांगा. चहा झाल्यावर, टीव्ही लावायच्या आधी.

प्रश्न : मी सतारी बनवतो. जर्मनीहून तारांची रिळं मागवलीत. "पार्सल गोदामात आलंय, पत्ता अपुरा आहे, २४ तासांत लिंकवर पत्ता दुरुस्त करून २५ रुपये भरा" असा पोस्टाच्या नावानं मेसेज आला. माझं पार्सल तर खरंच यायचंय. मग मेसेज खोटा कशावरून?
— एक कारागीर, मिरज

उत्तर : असे मेसेज ते हजारोंनी सोडतात, त्यातल्या कुणाचं तरी पार्सल वाटेत असतंच. त्यांचा नेम तुमच्यावर लागला, एवढंच. २५ रुपयांसाठी कुणी एवढा खटाटोप करत नाही, त्या पानावर कार्डाचा नंबर आणि ओटीपी काढून घ्यायचा असतो. टपाल खातं लिंक पाठवून पत्ता विचारत नाही. पत्ता अपुरा असला तर पोस्टमन गल्लीत चार जणांना विचारतो. तुमच्या गल्लीत तर कोण सतारीला तुंबे लावतो आणि कोण नुसतं पॉलिश करतो हेही त्याला पाठ असेल.

ज्यांच्याकडून माल घेतला त्यांच्याकडूनच नंबर मागा. टपालाचा नंबर असा असतो : दोन इंग्रजी अक्षरं, नऊ आकडे, पुन्हा दोन अक्षरं. शेवटची दोन पाठवणाऱ्या देशाची. जर्मनीची डी-ई, आपली आय-एन. तो नंबर टपाल खात्याच्या साइटवर स्वतः टाइप करून बघा, मेसेजमधल्या लिंकवरून जाऊ नका.

मात्र रिळं खासगी कुरिअरनं येत असतील तर जरा वेगळं आहे. कुरिअर कंपनी खरोखरच आधार किंवा पॅनची प्रत मागते आणि ड्यूटीचं बिल पाठवते. तेव्हा सगळंच खोटं म्हणून फोन आपटू नका, माल परत जर्मनीला जाईल. कंपनीचा नंबर तिच्या साइटवरून स्वतः काढून फोन लावा आणि पार्सल नंबरावर ड्यूटी किती लागलीय ते विचारा.

प्रश्न : कुरिअरवाल्याचा फोन आला, "घर सापडत नाही, स्टार ४०१ स्टार लावून आमच्या मुलाचा नंबर दाबा." मी दाबला. पैसे गेले नाहीत, पण तेव्हापासून फोन वाजतच नाही.
— एक विद्यार्थी, विटा

उत्तर : फोन वाजतोय, पण त्याच्याकडं. तुझे सगळे कॉल तू त्याला वळवून दिलेस, म्हणजे बँकेचा किंवा व्हॉट्सअॅपचा ओटीपी कॉलवर आला तर तोही त्यालाच ऐकू येणार. आत्ता ##००२# डायल कर, वळवलेलं रद्द होतं. मग व्हॉट्सअॅपवर दोन टप्प्यांचा पिन लाव, बँकेला कळव, आणि तो नंबर दूरसंचार खात्याच्या संचार साथी साइटवर, 'चक्षू' या तक्रारीच्या सोयीत नोंदव. आईचा फोन वाजतोय का तेही बघ.