स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या गोल्फ मैदानावर खेळायला जाताना 60 अंशांची वेज, म्हणजे चेंडू उंच उडवणारी काठी, न्यावी का? कॅडी घ्यावा का?

तुमचा हँडिकॅप, म्हणजे खेळाची पातळी सांगणारा आकडा, 22 आहे, सप्टेंबरात चार दिवस सेंट अँड्र्यूजला चाललाय, नवी वेज घ्यायचा विचार आहे आणि पुढे तुम्ही लिहिलंय, ‘कॅडी म्हणजे बॅग उचलणारा माणूस, त्याच्यावर एवढा खर्च कशाला?’ या एका वाक्यामुळे मी लिहायला बसलो. माझे वडील पुण्यात एकतीस वर्षं कॅडी होते.

आधी वेजचं. ती घेऊच नका. ओल्ड कोर्स वाळूवर वसलेला आहे. पाऊस थांबला की थोड्या वेळात पाणी झिरपून जातं, जमीन पुन्हा टणक. त्यावर बारीक फेस्क्यू गवत, तेही अगदी जमिनीलगत कापलेलं. आपल्याकडच्या पाणी पाजून मऊ केलेल्या फेअरवेवर, म्हणजे ग्रीनकडे नेणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, चेंडू गवताच्या गादीवर बसतो, तिथे तो दगडावर ठेवल्यासारखा बसतो. वेजचा जाड तळ त्या जमिनीवर आपटून उसळतो आणि पातं चेंडूच्या पोटात लागतं. चेंडू ग्रीन, म्हणजे होलभोवतीचं गुळगुळीत गवत, ओलांडून पलीकडे. त्यात समुद्रावरचा वारा.

हे मला कळायला फार उशीर झाला, आणि सांगणारा माणूस घरातच होता.

बाबांच्या क्लबात सोमवारी मैदान बंद असायचं, त्या दिवशी कॅडींना खेळू द्यायचे. बाबांकडे दोनच काठ्या होत्या. एक सात नंबरची आयर्न आणि एक पटर, म्हणजे चेंडू जमिनीवरून लोटायची काठी. पटरची मूठ झिजून गेली होती, तिच्यावर त्यांनी सायकलची ट्यूब गुंडाळली होती. मे महिन्यात फेअरवेची माती विटेसारखी व्हायची. त्या मातीवर बाबा ग्रीनच्या चाळीस पावलं अलीकडून पटर काढायचे. मी शाळकरी होतो, बरोबर जायचो. चेंडू उचलून मारायचा माझा हट्ट असायचा. ते म्हणायचे, ‘मधली जमीन दिसतेय ना? मग तिच्यावरून ने.’

एकोणिसाव्या वर्षी एका सदस्याच्या ओळखीनं मला कोचिंग मिळालं. पहिल्याच आठवड्यात मी ग्रीनबाहेरून पटर काढला. कोच चार सदस्यांसमोर म्हणाला, ‘हे गडीमाणसांचं गोल्फ. इथे करायचं नाही.’ मी घरी येऊन बाबांना सांगितलं की यापुढे मला काही शिकवू नका. त्यांनी खरंच शिकवलं नाही. अकरा वर्षं आमचं गोल्फवर बोलणं झालं नाही.

पुढे नोकरीनिमित्त डंडीला आलो. तिथून सेंट अँड्र्यूज जवळच. ओल्ड कोर्सच्या बॅलटमध्ये, म्हणजे खेळायची वेळ देणाऱ्या सोडतीत, चार वेळा नाव घातलं, पाचव्यांदा लागलं. बरोबरचे दोघे म्हणाले म्हणून कॅडी घेतला. साठीच्या पुढचा माणूस, मोजकं बोलणारा. पहिल्या होलवर ग्रीनला लागूनच स्विल्कन ओढा आहे. तो कसाबसा पार केला. चौथ्यावर ग्रीनच्या पंचवीस यार्ड अलीकडून वेज काढली. त्यानं पटर पुढे केला होता, मी मान हलवली. चेंडू गोळीसारखा सुटला आणि मागच्या उंचवट्यापलीकडे गेला. सातव्यावर तेच. तो काही बोलला नाही.

सतरावं होल, म्हणजे रोड होल. पार 4, म्हणजे चार फटक्यांत संपवायचं, लांबी 495 यार्ड. पहिला फटका हॉटेलच्या शेडवर लिहिलेल्या अक्षरांवरून मारायचा. ग्रीन अरुंद आणि तिरकं, पुढे डावीकडे तो कुप्रसिद्ध बंकर म्हणजे वाळूचा खड्डा, मागे डांबरी रस्ता आणि दगडी भिंत. दोन फटक्यांत मी ग्रीनच्या अलीकडे उजवीकडे पोचलो, झेंडा साधारण चाळीस यार्डांवर. माझा हात वेजकडे गेला. या वेळी त्यानं बॅगच बाजूला केली, पटर माझ्या हातात दिला आणि ग्रीनच्या उजव्या कडेला एका उंचवट्यावर बोट दाखवलं. तिथे नेम धर, उतार स्वतः वळवेल.

मी लोटला. चेंडू चढ चढला, थांबतोय असं वाटलं, मग डावीकडे वळून झेंड्यापासून आठ फुटांवर राहिला. दोन पट. बोगी, म्हणजे पारपेक्षा एक फटका जास्त. या होलवर बोगीला कुणी नावं ठेवत नाही.

अठराव्याकडे चालताना मी त्याला सांगितलं की माझे वडीलही कॅडी. एका वेळी किती बॅगा उचलायचे, या अर्थी त्यानं विचारलं, ‘एक बॅग की दोन?’ दोन, मी म्हणालो. तो थोडा वेळ गप्प चालला. मग म्हणाला, ‘मग हे तुला त्यांनीच सांगितलं असेल.’

त्या संध्याकाळी फोन केला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘उरला किती?’ आठ फूट, मी म्हणालो. ‘म्हणजे जोर कमी पडला.’

कोचला कधी भेटलो तर ओल्ड कोर्सवरच झालेल्या 1995 च्या ब्रिटिश ओपनचा शेवटचा होल दाखवीन. इटलीच्या कोस्टांटिनो रोक्काला बरोबरीसाठी बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी, हवी होती. ग्रीनच्या अलीकडून त्यानं चिप, म्हणजे चेंडू उचलणारा छोटा फटका, मारली, ती फसली आणि चेंडू व्हॅली ऑफ सिन या खोलगट जागेत घरंगळला. मग त्यानं त्या खड्ड्यातूनच पटर काढला आणि साठ फुटांहून लांबून थेट होलमध्ये घातला. प्लेऑफ जॉन डालीनं जिंकला, तो भाग वेगळा. गडीमाणसांच्या गोल्फचं म्हणाल तर अली शेरही कॅडीच होता, आणि इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू तोच, 1991 साली. ओल्ड कोर्सही कुणा साहेबाच्या मालकीचा नाही. 1552 च्या सनदेत तिथल्या आर्चबिशपनं गावकऱ्यांचा या जमिनीवर खेळायचा हक्क मान्य केलाय, आजही ती सार्वजनिक जमीन आहे.

तर कॅडी घ्या. ग्रीन बहुतेक जोडग्रीन, म्हणजे दोन होलांना मिळून एक, आहेत, दुसऱ्याच होलचा झेंडा आपला समजून खेळाल. 112 बंकर आहेत आणि त्यातले बरेच टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, दिसतच नाहीत. कोणत्या उंचवट्यामागे काय आहे हे सांगणारा माणूस तुम्ही घेताय, बॅग उचलणं हे त्यावर वाढीव.

वेजचे पैसे वाचतील, त्यातून एक संध्याकाळ ‘हिमालयाज’ला घालवा. ओल्ड कोर्सशेजारीच हे उंचसखल पटिंगचं मैदान आहे, महिलांच्या पटिंग क्लबचं, 1867 पासूनचं. थोडे पौंड देऊन कुणीही खेळू शकतं. लांबचा पट किती जोरानं लोटायचा हे तिथे हाताला कळतं.

एक मान्य करतो. बंकरमधून पटर चालत नाही, तिथल्या भिंती उभ्या असतात, म्हणून 54 किंवा 56 अंशांची एक वेज बॅगेत असू द्या. पाऊस लागून राहिला आणि जमीन मऊ झाली तर माझा निम्मा सल्ला बाद धरा. आणि पटरनं चेंडू बंकरमध्ये जाऊच शकत नाही असंही नाही. 1978 च्या ब्रिटिश ओपनमध्ये जपानच्या नाकाजिमाचा पट सतराव्याच्या ग्रीनवरून घरंगळून त्या बंकरमध्ये गेला आणि त्या होलवर त्याचे 9 फटके झाले.

बॅलटसाठी दोन दिवस आधी दुपारी दोनच्या आत नाव द्या, हँडिकॅपचं प्रमाणपत्र जवळ ठेवा. हंगामात तीनशे पौंडांच्या वर फी आहे. रविवारी ओल्ड कोर्स एरवी बंद असतो, गावातले लोक कुत्री घेऊन फिरायला येतात. तुमच्या चार दिवसांत रविवार आला तर तुम्हीही जा आणि सतराव्याच्या ग्रीनपुढचे चढउतार पायी चालून बघा. गावात रेल्वे येत नाही, लुकर्सला उतरून बस धरावी लागते.

कॅडीसाठी रोख पैसे वेगळे काढून ठेवा, आणि पहिल्या टीवरच त्याला सांगून टाका की पटर पुढे केलास तर मी नाही म्हणणार नाही.