आधी खरेदीच्या अटी वाच

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. अन्न, पोषण-धोरण आणि आरोग्यातली समता यांतच काम करायचं ठरवलंस, याचा फार आनंद झाला. पदवी कोणती घ्यावी हे तू विचारलं आहेस, त्याकडे शेवटी येते. आधी दुसरं सांगायचं आहे.

पोषणाच्या कामात येणारे बहुतेक जण एक समजूत सोबत घेऊन येतात: लोकांना काय खावं हे कळत नाही. मग तक्ते छापले जातात, व्याख्यानं होतात. प्रत्यक्षात लोकांना बरंच कळतं. कमी पडतात ते पैसे, वेळ, इंधन आणि पाणी. 1943 च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून अमर्त्य सेन यांनी हेच दाखवलं होतं. धान्याचा एकूण तुटवडा हे त्या मृत्यूंचं पुरेसं कारण नव्हतं. धान्य विकत घेण्याची ऐपतच लाखो लोकांच्या हातून गेली होती. म्हणून एखाद्या वस्तीत गेल्यावर 'काय खाता?' एवढंच विचारून थांबू नकोस. काम किती वाजता सुटतं, पाणी कधी येतं, घरात शेवटी कोण जेवतं, महिनाअखेरीस आधी कशात काटछाट होते, हे विचार. मोजमापाची साधनंही नीट शिक. आदल्या चोवीस तासांत बाईने दहापैकी किमान पाच अन्नगटांतलं काही खाल्लं का, हे पाहण्याची पद्धत साधी आणि उपयोगी आहे. पण कोण मागे पडलं एवढंच ती सांगते. का पडलं, हे त्या आधीच्या प्रश्नांतून कळतं.

आकडे हाती आले की सरासरीवर थांबू नकोस. उत्पन्न, लिंग, वस्ती असे ते फोडून पाहा. मायकल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने 2008 मध्ये मांडलं ते असं, की आरोग्यातली दरी माणसं कोणत्या परिस्थितीत जन्मतात, वाढतात आणि राबतात यातून तयार होते. ती दरी सरासरीत दिसतच नाही.

आता शीर्षकातल्या गोष्टीकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त ओढ तिचीच आहे. धोरण भाषणांत कमी आणि सरकारी खरेदीच्या कागदांत जास्त असतं. ब्राझीलमधल्या बेलो ओरिझोंते शहराने 1993 मध्ये अन्नपुरवठ्यासाठी महापालिकेचा स्वतंत्र विभाग उघडला. अन्न मिळणं हा नागरिकाचा हक्क मानून स्वस्त जेवणाची भोजनालयं आणि नियंत्रित भावाची भाजीविक्री सुरू केली. पुढे 2009 च्या राष्ट्रीय कायद्याने शालेय आहारासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला किमान 30 टक्के भाग कुटुंबशेती करणाऱ्यांकडूनच खरेदीला वापरावा, असं बंधन घातलं. नुसतं एवढं कलम लिहून भागलं नसतं. लहान शेतकऱ्याला मोठ्या पुरवठादारासारखी निविदा भरणं जमत नाही, म्हणून या खरेदीला नेहमीच्या निविदाप्रक्रियेतून सूट देण्याची सोयही त्याच कायद्यात केली. मुलाच्या ताटात ताजी भाजी येते की नाही, हे बरेचदा अशा एका ओळीवर ठरतं. ती ओळ वाचता येणारी आणि लिहिता येणारी माणसं या क्षेत्रात फार कमी आहेत. तू त्यांतलं एक हो.

उद्योगांचा विरोध येईल, हे धरूनच चाल. चिलीमध्ये खाद्यपदार्थांच्या लेबलांविषयीचं विधेयक 2007 मध्ये मांडलं गेलं, कायदा 2012 मध्ये झाला आणि जास्त साखर, मीठ, चरबी असलेल्या पाकिटांवर इशारा देणारे काळे अष्टकोन दिसायला 2016 उजाडलं. असा काळ टिकून राहायचं असेल तर कोणाच्या पैशावर संशोधन करायचं हे पहिल्याच वर्षी ठरव. शिशुआहार बनवणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातींवर 1981 मध्येच आंतरराष्ट्रीय संहिता आली, तरी तिचं उल्लंघन आजही होतं. ज्यांच्यावर नियम बसवायचे त्यांचीच शिष्यवृत्ती घेतली की प्रश्न हळूहळू मवाळ होत जातात.

पदवी: सार्वजनिक आरोग्य, कृषी-अर्थशास्त्र किंवा सार्वजनिक प्रशासन, कोणतीही चालेल. सांख्यिकी मात्र पक्की कर आणि अर्थसंकल्प वाचायला शिक. पहिली नोकरी शक्यतो एखाद्या मोठ्या स्वयंपाकघराच्या खरेदी विभागात घे, प्रतिष्ठा कमी वाटली तरी. तिथे हातात येणारी पहिली निविदा मला पाठव, आपण दोघं मिळून ती ओळीओळीने वाचू.

तुझी,
ताई